वडिलांची येझदी विकून दोन आरएक्स घ्याव्यात का?

निपाणीजवळच्या एका गावातल्या तरुणाचा प्रश्न आहे. जमिनीच्या वाटणीतून त्याच्या हातात साडेतीन लाख रुपये आलेत. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची १९८४ ची येझदी रोडकिंग गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सात वर्षं उभी आहे आणि एक एजंट तिचे ३५ हजार द्यायला तयार आहे. दुसरीकडे कोल्हापूर पासिंगची, नव्यासारखी रंगवलेली यामाहा आरएक्स १०० त्याला १ लाख ७० हजारांना सांगितलीय. त्याचं म्हणणं असं की येझदी काढून टाकतो, अशा दोन आरएक्स घेऊन ठेवतो आणि दहा वर्षांनी विकतो. एफडीपेक्षा जास्त पैसे सुटतील का?

मी बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे गॅरेज चालवतो. अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सोळा-सतरा वर्षं फक्त जुन्या गाड्यांचं काम. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. येझदी विकू नका, निदान तिचे कागद आणि इंजिन बघितल्याशिवाय तर अजिबात नको. आरएक्स घ्यायचीच असेल तर एकच घ्या. आणि ती रंगवलेली गाडी कितीही मनात भरली असली, तरी नंबर तपासून होईपर्यंत विसाराचा एक रुपया देऊ नका.

तुम्ही विचारलंय की पुढे कुठली गाडी वाढेल. सगळे असंच विचारतात. पण जुन्या मोटारसायकलीत भाव मॉडेलला मिळत नाही, त्या एका गाडीला मिळतो. एकाच साली एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन आरएक्स माझ्या दारात उभ्या राहिल्या, तर एकीचे दुसरीपेक्षा दुप्पट पैसे येऊ शकतात, आणि फरक रंगाचा नसतो. दहा वर्षांनी जो गिऱ्हाईक येईल तो जाणकार असणार. आजच मुलं फोनवर पार्ट नंबर काढून माझ्याशी वाद घालतात. त्या माणसासमोर तुम्ही काय ठेवणार, कुठले कागद, कुठला नंबर, गाडीवर कंपनीचं किती शिल्लक, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आधी एफडीशी हिशेब मांडू, नाहीतर बाकीचं बोलणं हवेत राहील. आकडे गोल धरतो. समजा आरएक्स घासाघीस करून दीड लाखाला पडली आणि तिच्यावर ४० हजारांचं काम निघालं. रंगवून विकायला काढलेल्या गाडीवर काम निघतंच, रंगाखाली काय आहे ते घरी आणल्यावर कळतं. म्हणजे १ लाख ९० हजार गुंतले. तेवढेच पैसे ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण ३ लाख ७४ हजार होतात. शिवाय गाडीला दरवर्षी खर्च आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा नुसता थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये अधिक कर. त्यावर ऑइल, टायर-ट्यूब, बॅटरी, केबल, महिन्याला दोनदा फिरवायचं पेट्रोल. वर्षाला ६ हजार धरा, तेही गाडी तुम्ही स्वतः पुसून-जपून ठेवणार असाल तर. हे ६ हजारही दरवर्षी त्याच व्याजाने टाकले असते तर त्यांचे दहा वर्षांत ८३ हजार झाले असते. म्हणजे दहा वर्षांनी तुमची आरएक्स साडेचार लाखांच्या पुढे गेली तर तुम्ही एफडीच्या बरोबरीला आलात. फायदा त्याच्या वर सुरू होतो.

एक गोष्ट गाडीच्या बाजूने आहे. एफडीच्या व्याजावर आयकर लागतो. स्वतःच्या वापरातली मोटारसायकल मात्र वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर सहसा येत नाही. पण विकण्यासाठीच म्हणून दोन घेतल्या, मग तिसरी-चौथी घ्यायला-द्यायला लागलात, तर तो धंदा झाला. मग ही सवलत धरून चालू नका, सीएला विचारा.

आणि एफडी सकाळी मोडली तर संध्याकाळी पैसे खात्यात असतात. गाडीचं तसं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस असा लागतो की जुन्या गाडीकडे कुणी फिरकत नाही. दसऱ्याच्या आधी गिऱ्हाईक हलतं. घरात दवाखान्याचा खर्च आला आणि जुलैत गाडी विकायला काढली, तर समोरचा तुमची अडचण ओळखूनच भाव करतो. म्हणून हे साडेतीन लाख तुमचे एकुलते एक पैसे असतील, तर मी म्हणेन आरएक्ससुद्धा नको. बाजूला वर्षभराचा खर्च असेल, शेती किंवा नोकरी धड चालू असेल, तरच पुढचं वाचा.

आता भाव वाढतो कशामुळे ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. गाडी जुनी झाली म्हणून महाग होत नाही. राजदूत १७५ जुनीच आहे, एके काळी दूधवाल्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांकडे होती, पण आरएक्ससारखा भाव तिला नाही. भाव कुणाच्या तरी आठवणीतून येतो आणि त्या माणसाच्या खिशात पैसे आले की चढतो. आरएक्स १०० आली १९८५ ला, बंद झाली १९९६ ला. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्या वजनावर ती ताकद म्हणजे क्लच सोडला की गाडी हातातून निसटायला बघायची. त्या वेळी जे कॉलेजात होते, मित्राच्या आरएक्सवर मागे बसून घाटातून गोव्याला गेले आणि स्वतः घेऊ शकले नाहीत, ते आज पन्नाशीत आहेत. घर झालं, मुलांची शिक्षणं मार्गी लागली. तेच आज आरएक्स विकत घेतायत. दहा वर्षांनी ते साठीत असतील, किक मारायला गुडघे नको म्हणतील. तेव्हा आरएक्स कोण घेणार, याचा विचार करा. मला वाटतं चांगल्या आरएक्सला तेव्हाही मागणी राहील, कारण आजची विशी-पंचविशीतली पोरंही तिच्यावर जीव टाकतात. पण गेल्या दहा वर्षांत जशी उडी मारली तशी पुढच्या दहात मारेल, असं मी कुणालाही सांगत नाही.

उलट उदाहरण आरडीचं. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने राजदूत नावाने १९८३ ला इथे बनवायला घेतली. दोन सिलेंडर, सहा गिअर, आधीच्या हाय टॉर्कला साडेतीस हॉर्सपॉवर, नंतरच्या लो टॉर्कला सत्तावीस. पेट्रोल एवढं प्यायची आणि पार्ट एवढे महाग की लोकांनी तेव्हा घेतली नाही, आणि त्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली. म्हणून आज कमी आहेत आणि म्हणूनच महाग आहेत. तेव्हा खपली नाही हेच तिचं आज भांडवल झालंय. तुमच्या पैशांत धड आरडी येत नाही. त्या पैशांत येते ती आरडी घेऊ नका.

बुलेट वेगळी. जुन्या कास्ट आयर्न इंजिनची, उजव्या पायाच्या गिअरची बुलेट लोक जपतात, पण त्या गाड्या इतकी वर्षं निघाल्या आणि पार्ट इतके सहज मिळतात की भाव हळू चढतो आणि क्वचितच पडतो. ज्याला धाकधूक नको त्याने बुलेट घ्यावी.

आता येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा निघायला लागल्या, १९७३ पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. रोडकिंग १९७८ ची. २५० सीसी, एकच सिलेंडर पण दोन सायलेन्सर, आणि किकचा दांडाच पुढे पाडला की गिअरचा लिव्हर. ही गाडी कर्नाटकातली आहे हे लक्षात घ्या. आजही जाणकार मिस्त्री आणि जुने पार्ट म्हैसूर-बंगळुरू पट्ट्यात मिळतात, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव एकत्र जमतात. २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली, तेव्हापासून नव्या पोरांनाही जुनी कुठली ते कळायला लागलंय. ज्या गाडीचा स्वतःचा गोतावळा आहे, तिला गिऱ्हाईक मिळतं.

सीमाभागात गाडीपेक्षा कागदाचं काम अवघड, त्यामुळे त्यावर जरा जास्त लिहितो. आमचे वस्ताद म्हणायचे, आधी बुक (म्हणजे गाडीचं नोंदणीचं आरसी बुक) बघ, मग बुलेट बघ. आपले पाहुणे-रावळे कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडला. गाडी सहज सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून येते आणि मामाच्या नावावरच वर्षानुवर्षं चालते. पोलिसाने अडवलं की पावती फाडून सुटतात. पण एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची गाडी केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) वर आणायची म्हटलं तर आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इथे मालकी बदलाचे २९ आणि ३०, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स. कायद्याने बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. एनओसी मिळण्यासाठी मूळ मालक हवा किंवा त्याचे वारस सह्या द्यायला तयार हवेत. ती आरएक्स तुम्ही पाचव्या हातात घेणार आणि बुकावर अजून दुसऱ्याच मालकाचं नाव असेल, तर तुम्ही गाडी नाही, लोखंड विकत घेताय.

म्हणून फोनवर गाडीचा नंबर टाकून सरकारी नोंद काढा. मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, इंधन, चासीचे आकडे, फिटनेस कधीपर्यंत आहे. हाताने लिहिलेली जुनी बुकं पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसतात. तिथे आरटीओत बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्याने करून द्यायची असते, तुम्ही नाही. “घ्या हो, नंतर होतंय” असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. दिल्लीकडून आलेल्या गाड्यांतही असंच जपावं लागतं. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि नंतर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, त्यानंतर पुष्कळ गाड्या दक्षिणेत स्वस्तात आल्या. काही रीतसर एनओसी घेऊन आल्या. काहींची नोंदणी आधीच रद्द झाली होती आणि घेणाऱ्याला ते इथे आल्यावर कळलं.

नंबर कसा बघायचा ते एका उदाहरणाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी चंदगडकडचा एक मुलगा त्याची आरएक्स ट्यूनिंगला घेऊन आला. १ लाख ४० हजार देऊन घेतलेली. काळा रंग आरशासारखा. मी हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं, हँडलखाली फ्रेमवर ठोकलेल्या चासी नंबरवर थिनरचं फडकं फिरवलं आणि टॉर्च वरून न मारता बाजूने, लोखंडाला लागून मारली. बाजूने उजेड पडला की खड्डे-उंचवटे दिसतात. आकड्यांच्या भोवती कानशीचे बारीक आडवे ओरखडे होते आणि मधला ८ बाकीच्या आकड्यांपेक्षा केसभर खाली बसला होता. त्याची डावी बाजू जास्त खोल होती, म्हणजे ३ चा ८ केलेला. कंपनीचा ठोका एका ओळीत, एका खोलीचा येतो. मग इंजिनचा नंबर पुसला, तर त्याची सुरुवातच आरएक्स १०० ची नव्हती, आत नंतरच्या १३५ चं इंजिन होतं. बुकावर भलताच नंबर. तो मुलगा काही न बोलता बाकड्यावर बसून राहिला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. ती गाडी त्याच्या नावावर कधीच होणार नाही, आणि दुसऱ्याला विकली तर त्याच्यावरच गुन्हा. १ लाख ४० हजारांतून त्याच्याकडे राहिले ते सुटे पार्ट.

तुमच्या आरएक्सचंही हेच करा. विकणारा थिनर लावू देत नसेल तर तेवढ्यावरच समजा. सोबत छोटं लोहचुंबक न्या. टाकीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. मग विचारा, ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलेंडर, किती नंबरचा आहे. दर वेळी बोअर केलं, म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कापून रुंद केला, की पिस्टन एक साइज मोठा लागतो, आणि ब्लॉकला तशी मोजकीच बोअरं मिळतात. स्टँडर्ड बोअरवरची आरएक्स मिळाली तर वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही. शेवटच्या बोअरवरची असेल तर स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आत नवी नळी, बसवण्याचा खर्च डोक्यात ठेवा. उद्यमबागेतल्या लेथवर ते काम उत्तम होतं, क्रँकचा रॉडसुद्धा आपल्याकडे इतका नीट बसवून मिळतो की गोव्याचे लोक इथे आणून देतात. पण ती गाडी मग कंपनीची राहत नाही.

ही कंपनीची राहण्याची गोष्ट मी स्वतः पैसे घालवून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी खानापूर बाजूच्या एका घरातून १९६९ ची जावा घेतली. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, त्यावर हाताने मारलेली सोनेरी रेघ. रंग विटला होता, क्रोमवर तपकिरी ठिपके होते, रेघ दोन ठिकाणी पुसली होती. मी ती संपूर्ण खोलली. टाकी घासून लोखंड केली, नवं क्रोम, नवा रंग, फ्रेमला पावडर कोटिंग, नट-बोल्ट सगळे स्टेनलेसचे. मला वाटलं मी तिच्यावर उपकार करतोय. पुण्याचा एक गृहस्थ बघायला आला. वयस्कर माणूस, हातात चष्मा. टाकीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ही रेघ मूळची कुठे आहे?” मी म्हटलं, नवी मारली, चांगल्या माणसाकडून. तो म्हणाला, “अहो, नवी मला माझ्या घराजवळ पण मारून मिळाली असती.” चहा घेतला आणि गेला. ती जावा शेवटी मी खर्चापेक्षा कमी पैशांत विकली. तिच्या आधीच्या फोटोंवरून आजही माझा जीव हळहळतो. तपकिरी ठिपके थांबवता आले असते, रेघ तशीच ठेवता आली असती. मूळ रंग एकदाच असतो.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. गाडी आली की आधी यांत्रिक काम, जेणेकरून ती चालावी, थांबावी आणि जळू नये. दिसण्याला शक्य तितका कमी हात. गंज थांबवायचा, खणायचा नाही. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, मोडका असला तरी, पिशवीत घालून मालकाला परत द्यायचा. जुना कार्बोरेटर, हेडलाइटची रिंग, कंपनीची टूल किट, मूळ किल्ली, पहिल्या खरेदीची पावती, हे सगळं दहा वर्षांनी पैशाच्या बरोबरीचं असतं.

आता तर यामागे सरकारी नियमही आहे. जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर तिची विंटेज म्हणून नोंद होते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला व्हीए अक्षरांची मालिका मिळते. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरती काढता येते. तुमची येझदी १९८४ ची म्हणजे २०३४ ला पन्नाशी गाठते, तुमच्याच दहा वर्षांच्या मुदतीत. त्या दिवशी ती कंपनीच्या अवस्थेत, मूळ नंबरासह, एकाच घरात राहिलेली असेल, तर तिच्या बाजूने बोलायला मला काही जोडावं लागणार नाही. तुम्ही विचारताय ती आरएक्स बहुधा चार-पाच हातांतून फिरून, पुट्टी लावून आलेली असणार.

सांभाळण्याबद्दलही सांगतो, कारण जास्त गाड्या शेडमध्येच मरतात. आरएक्स, येझदी यांसारखी टू-स्ट्रोक गाडी चालवून जेवढी झिजत नाही तेवढी उभी राहून बिघडते. क्रँकची रबरी सीलं सुकतात, मग इंजिन बाजूने हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून जाम होतो. मालक म्हणतो, उभीच तर होती. महिन्यात दोनदा गाडी बाहेर काढून निदान पंधरा-वीस किलोमीटर पळवा. दारातच पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठून उलट गंज धरतो. आपल्याकडचा पाऊस, त्यातही खानापूरकडची हवा, क्रोम खाते. शेडमध्ये गोठ्याचा वास येत असेल तर गाडी तिथून हलवा. गोमूत्र-शेणातून निघणारा अमोनिया पितळ आणि वायरिंगची तांब्याची टोकं काळी-हिरवी करतो.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या कित्येकांच्या उसाचा पैसा त्यातून येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९८४ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर फुगतात. त्यावर इलाज आहे. नळ्या आणि वॉशर नव्या रबराचे बसवा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवा. वर्षाला फार तर दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, पण न केल्यामुळे टाकी बदलायची वेळ आलेल्या गाड्या दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे येतात.

तुमच्या येझदीच्या कागदाचं सांगतो. वडिलांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने होते. मृत्यूचा दाखला, वारसा दाखला, आईचं आणि भावंडांचं ना-हरकत. गाडी १९८४ ची म्हणजे पहिली पंधरा वर्षं १९९९ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेवटचं कधी झालं ते बुकात बघा. उशिराला महिन्यामागे ३०० रुपये दंड नियमात आहे, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २ हजार झालंय. थोडा खर्च येईल. पण पहिल्या मालकापासून थेट मुलाकडे आलेली, मधे एकही एजंट नसलेली गाडी कर्नाटकात आता शोधून सापडत नाही. तो एजंट ३५ हजार देतोय ते याच्यासाठीच.

काही गोष्टी मला इथून सांगता येत नाहीत, त्यावर माझं उत्तर बदलेल. बुक हरवलं असेल आणि आरटीओत नोंदही मिळत नसेल तर येझदीची किंमत निम्म्याच्या खाली येते. इंजिनच्या केसिंगला तडा असेल किंवा मधे कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं असेल तर हिशेब पुन्हा करावा लागेल. घरात भावाभावांत सहीवरून वाद होणार असेल तर गाडीपेक्षा घर जपा. पण यातलं काही नसेल तर साडेतीन लाखांपैकी ५०-६० हजार येझदीच्या इंजिनवर आणि कागदावर घाला आणि उरलेले बँकेत ठेवा. आरएक्सची हौस असेल तर दोन वर्षं थांबा, एखाद्या शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या घरची, रंग उडालेली पण एका हातातली आरएक्स आपल्या भागात अजून निघते. कॅम्पातले बदलीवर जाणारे फौजी अधिकारीही कधी चांगली गाडी मागे सोडतात, फक्त त्यांचा नंबर भलत्याच राज्याचा असतो, तेवढं आधी विचारा.

तोपर्यंत एक काम करा आणि एक करू नका. किक मारू नका. सहा-सात वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा बोअरला धरलेल्या असतात, जोरात किक मारली की रिंग तुटते आणि आतली भिंत ओरखडते. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, फडकं खुपसून ठेवा. दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी स्टँडवर घेऊन गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे हलवा. हललं तर इंजिन वाचलंय. नाही हललं तर जोर करू नका, परत ऑइल सोडा आणि आठवडाभर थांबा.

ते झालं की बेळगावला या. पहिल्या फेरीला गाडी आणू नका, फक्त बुक आणि चासी-इंजिन नंबरचे फोटो आणा, टॉर्च बाजूने मारून काढलेले.